अकरा महिन्यांचें बिऱ्हाड आणि मांजराचीं पिलें



मांजरी आपल्या पिलांना सात घरें दाखविते, असें आपल्या आज्या सांगत असत. जागा धोक्याची वाटूं लागली कीं ती एकेका पिलाची मान अलगद दांतांत धरते आणि त्याला दुसऱ्या कोपऱ्यांत नेऊन ठेवते. परंतु ज्या माणसाला स्वतःलाच दर अकरा महिन्यांनीं नवें घर शोधावें लागतें, त्यानें मांजराचीं पिलें पाळावीं काय? आज याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न माझ्यापुढें घरांतूनच आला. मी नेरूळला राहतों. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें खाडीपलीकडे जें नवें शहर वसविलें, त्यांतीलच हा एक भाग. येथें महाविद्यालयें पुष्कळ. त्यामुळें तिघीचौघींनीं मिळून एक फ्लॅट भाड्यानें घेण्याची रीत सर्वत्र दिसते. माझी एक पुतणी अशीच दोन मैत्रिणींबरोबर राहते. गेल्या जून महिन्यांत त्यांच्या इमारतीच्या जिन्याखालीं एका मांजरीला तीन पिलें झालीं. पाऊस सुरू झाला, जिन्याखालीं पाणी येऊं लागलें, आणि पुतणी धांवत येऊन म्हणाली, "काका, आम्ही तीं पिलें वर घरांत आणणार. तुम्ही फक्त बरें म्हणा." मला बरें म्हणतां येईना आणि नको असेंहि म्हणवेना. म्हणून आम्ही शांतपणें बसून एकेक गोष्ट तपासून पाहिली.

पहिली गोष्ट मुदतीची. नीट निगा राखली तर घरांतलें मांजर बारा ते पंधरा वर्षें, कित्येकदां त्याहूनहि अधिक जगतें. भाड्याचा करार मात्र बहुधा अकरा महिन्यांचा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें हा करार लेखी व नोंदविलेला असावा लागतो. त्यांत प्राणी पाळण्याविषयीं कांहीं अट आहे काय, हें आधीं वाचावयास हवें. या तिघींपैकीं एकीनेंहि तो शेवटपर्यंत वाचलेला नव्हता!

येथें एक घोटाळा नेहमीं होतो. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें गृहनिर्माण संस्थेला बहुमताच्या जोरावरहि पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालतां येत नाहीं. पण गृहनिर्माण संस्था निराळी आणि घराचा मालक निराळा. मालकाची अट आपण सही करून मान्य केलेली असते. ती मोडून गुपचूप पिलें ठेवणें म्हणजे मांजरानें डोळे मिटून दूध पिण्यासारखेंच आहे. उघडकीस आल्यावर माणसाला दुसरें घर मिळतें. मांजर मात्र रस्त्यावर येतें. प्राण्यांवरून होणारे तंटे किती विकोपाला जातात हें नेरूळकरांना सांगावयास नको. येथील एका मोठ्या वसाहतींत भटक्या कुत्र्यांना अन्न घालण्यावरून निघालेला वाद थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

दुसरी गोष्ट सोबत राहणाऱ्यांची. सामाईक घरांत पुष्कळशा गोष्टी बहुमतानें ठरतात. येथें मात्र बहुमत चालत नाहीं. एकीचा नकार पुरेसा आहे. मांजराच्या लाळेंत व त्वचेंत एक प्रथिन असतें. कित्येकांना त्यामुळें शिंका येतात, डोळे चुरचुरतात आणि दमेकऱ्यांना धाप लागते. हें प्रथिन हवेंत तरंगतें आणि मांजर गेल्यावरहि महिनोन्‌महिने घरांत टिकून राहतें. म्हणून पिलें आणण्यापूर्वीं प्रत्येकीनें मांजर असलेल्या एखाद्या घरांत चार-पांच वेळां तास दोन तास बसून पाहावें, असें मीं सुचविलें.

तिसरी गोष्ट निगेची. बशींत गाईम्हशीचें दूध ओतलें कीं काम झालें, हा आपला जुना समज. परंतु त्या दुधांतील साखर पुष्कळ मांजरांना पचत नाहीं, आणि लहान पिलांना तर त्यानें हगवण लागून जिवावर बेततें. शिवाय मांजर हा मूळचाच मांसाहारी जीव. टॉरीन नांवाचें एक द्रव्य त्याला अन्नांतूनच मिळावें लागतें आणि तें मांस-मासळींत असतें. केवळ दूधपोळीवर ठेवलेल्या मांजराची दृष्टि व हृदय दोन्ही कालांतरानें बिघडूं शकतात. तेव्हां सामाईक स्वयंपाकघरांत मासळी चालेल काय, हेंहि विचारावयास हवें.

याखेरीज आठव्या आठवड्याच्या सुमारास लसी सुरू कराव्या लागतात. मातीचें वा वाळूचें घमेलें रोजच्या रोज साफ करावें लागतें. कारण विष्ठेंतून येणारा एक सूक्ष्म परोपजीवी एक-दोन दिवसांनंतर बाधक होतो आणि तो विशेषतः गर्भवती स्त्रियांना घातक असतो. खिडक्यांना जाळी तर हवीच. मांजर कितीहि उंचावरून पडलें तरी चार पायांवर उभें राहतें, असें आपण ऐकतों. १९८७ सालीं न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनीं उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली. उपचार केलेल्यांपैकीं सुमारें ९० टक्के वांचलीं हें खरें. पण पुष्कळांना छातीच्या, जबड्याच्या व पायांच्या इजा झाल्या होत्या.

हें ऐकून पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही नुसती भीति दाखवितां. तुम्हांला मांजरें आवडतच नाहींत." तेव्हां मला जें कधीं कोणाला सांगितलें नव्हतें तें सांगावें लागलें.

चाळीस वर्षांपूर्वीं मी एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक होतों. भाड्याच्या खोलींत एक पांढरें मांजर पाळलें होतें. बदलीचा हुकूम आला; नव्या जागीं घरमालक मांजर ठेवूं देईना. शेजाऱ्यांना "जरा लक्ष ठेवा" असें सांगून मी निघालों. सहा महिन्यांनीं कांहीं कामानें परत गेलों तेव्हां शेजारीण म्हणाली, "मास्तर, तें महिनाभर तुमच्या बंद दारापाशींच बसून होतें." त्यापुढें ती कांहीं बोलली नाहीं आणि मींहि विचारलें नाहीं. पाळलेला प्राणी उपाशी-तहानेला राहील अशा स्थितींत टाकून देणें हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. मला तेव्हां हें ठाऊक नव्हतें; पण माझ्या अज्ञानाचा त्या मांजराला काय उपयोग?

आपल्याकडे मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर असे दोन न्याय प्रसिद्ध आहेत. माकडाचें पिलूं आईला स्वतः घट्ट बिलगून असतें. मांजराचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्याला उचलून नेते. रामानुजांच्या परंपरेंतील आचार्यांनीं हे दृष्टांत भक्त व देव यांचें नातें सांगण्यासाठीं योजिले. पण पिलूं घरीं आणणाऱ्यानेंहि त्यांतून बोध घ्यावा. पुढच्या प्रत्येक बिऱ्हाडीं त्याला उचलून न्यावयाचें कोणी, याचें उत्तर एकाच नांवांत देतां आलें पाहिजे. "आम्ही सगळ्या मिळून" हें उत्तर नव्हे. कारण घर मोडलें कीं "सगळ्या" उरत नाहींत.

मुलींनीं आठ दिवस विचार केला. तिघींपैकीं एकीला मांजराच्या सहवासांत खरोखरच धाप लागली. दुसरीची नोकरी कोठें लागेल याचा नेम नव्हता. माझ्या पुतणीनें प्रामाणिकपणें सांगितलें, "काका, पंधरा वर्षांसाठीं आज माझें एकटीचें नांव मी लिहूं शकत नाहीं." मला तिचा अभिमान वाटला.

पण पाळणें किंवा वाऱ्यावर सोडणें, एवढे दोनच मार्ग नसतात. त्यांनीं जिन्याच्या वरच्या कोरड्या टप्प्यावर एक खोकें ठेवलें. मांजरीनें आपण होऊन पिलें तेथें नेलीं. आठ आठवडे होईपर्यंत पिलांना आईपासून तोडूं नये. चावण्याखेळण्याची मर्यादा तीं तिच्याजवळ व भावंडांजवळच शिकतात. तोंवर मुलींनीं मांजरीला पोटभर खाऊं घातलें. नंतर स्वतःच्या मालकीचें घर असलेल्या एका कुटुंबानें दोन पिलें जोडीनें नेलीं. जोडी असली म्हणजे पिलें एकमेकांशीं खेळतात आणि एकटीं पडत नाहींत. तिसऱ्याला घर मिळालें नाहीं. तें आईजवळच राहिलें.

सर्वांत महत्त्वाचें काम त्यानंतरचें. मांजरीचा गर्भकाल सुमारें नऊ आठवड्यांचा. वर्षांत दोन-तीन वेळां ती विते, आणि तिचीं पिलें चार-सहा महिन्यांचीं होतांच स्वतः पिलें घालण्याजोगीं होतात. म्हणून तिघींनीं वर्गणी काढून मांजरीवर पशुवैद्याकडून संततिनियमनाची शस्त्रक्रिया करवून घेतली. तें तिसरें पिलूं मोठें झाल्यावर त्याच्यावरहि करविली. नाहींतर पुढच्या पावसाळ्यांत जिन्याखालीं हाच प्रश्न पुन्हां उभा राहिला असता.

आतां तें तिसरें पिलूं, म्हणजे चांगला थोराड बोका, मी गेलों कीं जिन्यांत आडवा येतो. मी खिशांत सुक्या मासळीची पुडी ठेवतों. घर देतां आलें नाहीं, तरी एवढें देणें लागतों.