शत्रूच्या कारखान्यात घडलेला नायक

'कामेन रायडर' ही जपानी मालिका 3 एप्रिल 1971 रोजी सुरू झाली. तिच्यातला नायक आणि त्याच्याशी लढणारे राक्षस एकाच शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठलेले आहेत. ताकेशी होंगो हा विज्ञानाचा विद्यार्थी आणि मोटारसायकलच्या शर्यतीतला गडी. जगावर सत्ता गाजवू पाहणारी 'शॉकर' ही गुप्त संघटना त्याला पळवून नेते आणि त्याच्या शरीराची मोडतोड करून त्यात नाकतोड्याची ताकद भरते. मेंदू ताब्यात घेण्याची शेवटची शस्त्रक्रिया तेवढी बाकी असताना प्राध्यापक मिदोरिकावा त्याला सोडवतात. होंगो आणि पहिल्याच भागातला कोळीमानव यांच्यातला फरक एवढाच, की एकाची शस्त्रक्रिया पुरी झाली आणि दुसऱ्याची अर्धवट राहिली. पुढची पन्नासहून अधिक वर्षे या मालिकेच्या लेखकांनी हा एवढासा फरक वेगवेगळ्या जागी ठेवून पाहिला. कधी तो शरीरात सापडला, कधी भावाभावांत, तर कधी नायकाच्या स्वतःच्या मुठीत.

मूळ कल्पना चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांची आणि निर्मिती तोएई कंपनीची. पहिल्या काही भागांवर भयकथेची दाट छाया आहे. सुटका करणारे प्राध्यापक मारले जातात आणि त्यांची मुलगी रुरिको होंगोलाच खुनी समजते. नायकाच्या वाट्याला पहिल्याच दिवशी कृतज्ञतेऐवजी संशय येतो, आणि तो संशय अगदीच निराधारही नाही, कारण शरीराने होंगो खुन्यांच्याच जातीचा आहे. इशिनोमोरींच्या चित्रकथेत हा सल आणखी उघड आहे. होंगोच्या भावना अनावर झाल्या की शस्त्रक्रियेचे व्रण त्याच्या चेहऱ्यावर उमटतात, आणि ते झाकण्यासाठी तो मुखवटा घालतो. महानायकाचा मुखवटा सहसा ओळख लपवतो. इथे तो जखम लपवतो. दूरचित्रवाणीवरच्या मालिकेने मात्र हे व्रण घेतले नाहीत.

मालिकेचे मुख्य पटकथाकार मासारू इगामी त्याआधी 'अकाकागे'सारख्या निंजांच्या मालिकांसाठी लिहीत होते. संघटनेतून फुटून निघालेला आणि जुन्याच सोबत्यांनी पाठलाग चालवलेला पळपुटा निंजा ही त्या प्रकारातली ठरलेली व्यक्तिरेखा. होंगोत तिची सावली दिसते. तो शॉकरविरुद्ध लढतो ते शॉकरनेच दिलेल्या हातापायांनी.

पुढे एका अपघाताने मालिकेचा सूर बदलला. होंगोची भूमिका करणारे हिरोशी फुजिओका चित्रीकरणात मोटारसायकलवरून पडून गंभीर जखमी झाले. चौदाव्या भागापासून हायातो इचिमोंजी हा दुसरा रायडर आला आणि त्याच्याबरोबर हातवारे करून 'हेनशिन' असा पुकारा करण्याची ती प्रसिद्ध पद्धतही आली. मुलांनी ती उचलून धरली. कायापालट ही आतापर्यंत लादलेली गोष्ट होती, ती आता हौसेने करून दाखवायची गोष्ट झाली. मालिका उजळली, 98 भाग चालली आणि नायकाच्या आतला काळोख बराचसा मागे सरला. लोकप्रियतेच्या दृष्टीने हे बरेच झाले. व्यक्तिरेखेच्या दृष्टीने तसे म्हणता येत नाही.

तो काळोख इशिनोमोरींनी दुसरीकडे नेला. 1972 च्या जुलैत सुरू झालेल्या 'यंत्रमानव किकायडर' या मालिकेत द्वैत थेट अंगावरच रंगवलेले आहे. जिरो हा यंत्रमानव अर्धा लाल, अर्धा निळा, आणि त्याच्या डोक्याच्या पारदर्शक भागातून आतली यंत्रे दिसतात. त्याला घडवणाऱ्या डॉ. कोम्योजी यांनी त्याच्यात सद्सद्विवेकाचे एक सर्किट बसवले आहे, पण ते अपुरे आहे. खलनायक प्राध्यापक गिल बासरी वाजवू लागला की जिरो डोके धरून कोसळतो. बासरीचा सूर त्याला दुष्कृत्याकडे ओढतो आणि अर्धवट विवेक त्याला मागे खेचतो. दुसरा एखादा मोठा आवाज त्या सुरावर चढला, तरच जिरोला लढाईचे रूप घेता येते. अंतर्द्वंद्व लहान मुलांना पटावे म्हणून ते कानाला ऐकू येईल असे करणे, ही युक्ती आजही ताजी वाटते.

याच मालिकेतला हाकायडर हा काळा प्रतिस्पर्धी आणखी पेच वाढवतो. त्याच्या डोक्यात डॉ. कोम्योजींचा मेंदू बसवलेला असल्याने त्याला मारणे म्हणजे जनकाला मारणे. चित्रकथेचा शेवट तर फारच कडवट आहे. तिथे जिरोमध्ये आज्ञापालनाचे सर्किट बसवले जाते. विवेक आणि आज्ञापालन यांच्या ओढाताणीत तो प्रथमच माणसासारखा होतो, म्हणजे खोटे बोलायला आणि जीव घ्यायला मोकळा होतो, आणि आपल्याच बांधवांना नष्ट करतो. पिनोकिओची गोष्ट इशिनोमोरींनी या कथेला जोडली आहे, पण लाकडी बाहुल्याला माणूसपण मिळाल्याचा आनंद त्यांनी तिच्यात शिल्लक ठेवलेला नाही.

1987 मधल्या 'कामेन रायडर ब्लॅक'ने दुभंग दोन देहांत वाटून दिला. सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेले कोतारो मिनामी आणि नोबुहिको आकिझुकी एका घरात भावांसारखे वाढतात. गोर्गोम हा पंथ दोघांनाही पळवतो. कोतारो निसटतो, नोबुहिको मागे राहतो आणि पुढे 'शॅडो मून' होऊन समोर उभा ठाकतो. दोघांपैकी जो दुसऱ्याला मारील तो नवा सम्राट. कल्पना भव्य आहे. मात्र शॅडो मून येईपर्यंत 51 भागांच्या मालिकेचा बराच मोठा भाग दर आठवड्याच्या राक्षसांत खर्ची पडतो. कोतारो जिंकतो खरा, पण त्या विजयात त्याच्या हाती काही लागत नाही.

इशिनोमोरी जानेवारी 1998 मध्ये वारले. दोन वर्षांनी, 30 जानेवारी 2000 रोजी, 'कामेन रायडर कूगा'ने ही मालिका दूरचित्रवाणीवर नव्याने सुरू केली. निर्माते शिगेनोरी ताकातेरा, मुख्य लेखक नारुहिसा आराकावा, आणि नायक युसुके गोदाईच्या भूमिकेत जो ओदागिरी. गोदाई हा वरवर पाहता दुभंग नसलेला माणूस. हसतमुख, भटका, नाना कला शिकत सुटलेला, भेटेल त्याला अंगठा उंचावून धीर देणारा. पहिल्या भागात तो लढतो ते काहीशा अर्ध्या मनाने, म्हणून त्याचे रूप पांढरे आणि दुबळे राहते. वडील गमावलेल्या एका मुलीचे अश्रू पाहिल्यावर तो जळत्या चर्चमध्ये निश्चय करतो आणि तेव्हा लाल होतो. निश्चय आणि शरीर यांची सांगड या मालिकेत इतकी घट्ट आहे.

आता या लाल रूपाची किंमत पाहावी. माणसांची हत्या हा खेळ मानणारे ग्रोंगी आणि गोदाई यांच्या पोटात एकाच प्रकारचा दगड आहे. पोलिसांच्या नोंदीत तर गोदाई हा अनोळखी जीवांच्याच यादीतला क्रमांक 4 आहे. डॉक्टर त्सुबाकी क्ष-किरणांची चित्रे पाहून सांगतात, की दगडातून निघालेले तंतू शरीरभर पसरत आहेत आणि शेवटी गोदाई फक्त लढण्यासाठी जगणारे हत्यार होऊ शकतो. धोका बाहेरच्या शत्रूपेक्षा आतल्या दगडाचा अधिक.

हा धोका लेखकाने भाषणबाजीत दवडलेला नाही. 34 आणि 35 या भागांत एक ग्रोंगी शाळकरी मुलांच्या डोक्यात सूक्ष्म सुया पेरतो. मुलांना चार दिवसांनी मरण येणार हे ठाऊक असते, आणि त्यांची भीती हाच त्याचा खेळ. त्याला गाठल्यावर गोदाई त्याला ज्या त्वेषाने ठोसे घालतो आणि तलवारीने भोसकतो, तो पाहणाऱ्याला नकोसा होतो. त्या क्षणी त्याला स्वतःचेच काळे, चार शिंगांचे रूप दिसते. न्याय्य संतापही माणसाला त्याच वाटेने नेतो, हे दाखवायला मालिकेने सर्वांत घृणास्पद शत्रू निवडला आहे. प्रेक्षकाची सहानुभूती पूर्णपणे नायकाकडे असतानाच त्याची भीती वाटू लागते.

48 व्या भागात बर्फाळ रानात गोदाई ते काळे रूप घेऊन ग्रोंगींच्या प्रमुखाशी, दागुबाशी भिडतो. डोळे मात्र लालच राहतात. मन हरवलेले नाही याची ती खूण. दोघांच्या शक्ती एकमेकांना निकामी करतात, चिलखते विरतात आणि बर्फावर दोन रक्तबंबाळ माणसे नुसत्या मुठींनी एकमेकांना मारत राहतात. दागुबा हसतो आहे, गोदाई रडतो आहे. मुलांच्या मालिकेने हाणामारीचे खरे रूप इतक्या स्वच्छपणे क्वचितच दाखवले असेल. शेवटच्या भागात तर लढाईच नाही. बाकीची पात्रे त्याच्याविषयी बोलतात आणि तो दूर परदेशी समुद्रकिनारी मुलांत रमलेला दिसतो.

2002 च्या 'र्‍यूकी'त तेरा रायडर आपापल्या इच्छेपायी एकमेकांच्या जिवावर उठतात. त्यांना थांबवू पाहणारा नायक शेवटच्याच्या आधीच्या भागात मरतो. दुभंगाचा खरा गुंता मात्र पुढच्या वर्षी, 'फाइझ' या मालिकेत सापडतो. तिचे पन्नासच्या पन्नास भाग तोशिकी इनोउए यांनी एकट्याने लिहिले. हे पहिल्या मालिकेच्या मासारू इगामींचे चिरंजीव. वडिलांनी राक्षसाच्या देहात माणूस ठेवला होता. मुलाने राक्षसांच्या घरात शिरून त्यांचे रोजचे जगणे लिहिले.

'फाइझ'मधले राक्षस म्हणजे ऑर्फनॉक, मरून पुन्हा उठलेली माणसे. युजी किबा अपघातानंतर दोन वर्षे बेशुद्ध असतो. शुद्धीवर येतो तेव्हा आईवडील गेलेले, घर काकाने लाटलेले आणि प्रेयसी चुलतभावाबरोबर. संतापात तो त्या दोघांना मारतो आणि उरलेली मालिका सज्जन राहण्याची धडपड करतो. दुसरीकडे ताकुमी इनुई हा तुसडा, गरम अन्न तोंडात घेता न येणारा तरुण एका लाँड्रीत राहतो आणि फाइझचा पट्टा बांधून ऑर्फनॉकना मारतो. हे दोघे माणूस म्हणून एकमेकांना आवडतात आणि रूप बदलल्यावर एकमेकांचे वैरी असतात, कारण मुखवट्याआड कोण आहे हे बराच काळ दोघांनाही माहीत नसते. नाट्यपूर्ण विसंगतीचा इतका चिवट वापर या प्रकारच्या मालिकांत दुर्मिळ.

ताकुमी स्वतःच ऑर्फनॉक आहे, हे मालिका दोनतृतीयांश सरल्यावर उघड होते. धागा मात्र पहिल्याच भागात आहे. मारी ही तरुणी पट्टा स्वतः बांधून पाहते आणि फेकली जाते. मग ती तो जबरदस्तीने ताकुमीच्या कमरेला बांधते आणि तो चालतो. त्याचा तुसडेपणा हा स्वभाव नसून भीती आहे. जवळ आलेल्या माणसांचा आपल्याकडून विश्वासघात होईल, ही ती भीती. हे कळल्यावर आधीचे सगळे प्रसंग नव्याने वाचावे लागतात. पटकथेचे कसब म्हणतात ते हेच. शिवाय माणसांच्या बाजूने लढणारा मासातो कुसाका हा साऱ्या राक्षसांहून कुजका निघतो. ओल्या रुमालाने सतत हात पुसणारा हा गृहस्थ खोटे बोलून ताकुमी आणि किबा यांच्यात फूट पाडतो. कोणत्या बाजूला उभे आहोत यावरून माणूस कसा आहे ते ठरत नाही, ही गोष्ट त्याच्यामुळे सांगावी लागत नाही. इनोउए यांच्या लेखनात गैरसमज फार, आणि काही ठिकाणी ते ताणलेलेही वाटतात. पण आदर्शवादी किबा शेवटी माणसांविरुद्ध जातो आणि माणसांना टाळणारा ताकुमी त्यांच्या बाजूने राहतो, ही अदलाबदल त्या ताणाशिवाय पटली नसती.

लगेच आलेल्या 'ब्लेड'चा शेवट याच वाटेवरचा. मित्राला बंदिस्त करावे लागू नये म्हणून नायक केंझाकी त्याच्यासारखाच अमर जोकर होतो, आणि दोघांनी पुन्हा कधी भेटायचे नाही हे पत्करतो.

2007 च्या 'डेन-ओ'ने हा सगळा भार हसण्यावारी नेला. यासुको कोबायाशी यांचा र्‍योतारो नोगामी हा दुबळा आणि पराकोटीचा कमनशिबी मुलगा. त्याच्या अंगात मोमोतारोस, उरातारोस, किंतारोस आणि र्‍यूतारोस हे इमाजिन नावाचे चार जीव आळीपाळीने येतात. ताकेरू सातोला एकाच चेहऱ्याने भांडखोर, लाघवी, दणकट आणि पोरकट अशा चार तऱ्हा दाखवाव्या लागल्या. मुखवटा चढल्यावर तर चेहराही जातो. तिथून पुढचे काम पोशाखातल्या नटाचे, सेइजी ताकाइवा यांचे. मान किती कलते, अंगठा स्वतःकडे कसा वळतो, पावले किती फाकतात यावरून आत कोण आहे ते लहान मूलही ओळखते. या मालिकांतल्या व्यक्तिरेखा लिहिणाऱ्याइतक्याच अशा बिनचेहऱ्याच्या नटांनी घडवल्या आहेत. श्रेय देताना हे सहसा विसरले जाते.

2009 च्या 'डब्ल्यू'मध्ये मांडणी उलटी होते. तिथे एका देहात दोन माणसे आहेत. गुप्तहेर शोतारो हिदारी आणि ज्ञानाचे भांडार असलेला फिलिप दोघे मिळून एक रायडर होतात, आणि फिलिपचा देह तेवढ्या वेळापुरता निपचित पडतो. अर्धा हिरवा, अर्धा काळा हा रायडर पाहून किकायडर आठवतोच. फरक असा, की जिरोचे दोन भाग एकमेकांशी झगडतात, तर इथले दोघे एकमेकांची उणीव भरतात. शोतारोला कणखर व्हायचे आहे आणि हळवेपणा सुटत नाही. लेखक रिकू सांजो यांनी हा हळवेपणाच फिलिपला माणसांत आणणारा गुण केला आहे.

मधल्या काळात खेळण्यांचा व्यापार वाढला. वर्षभरात नायकाची रूपे वाढत जातात, कारण प्रत्येक रूपाबरोबर दुकानात नवी वस्तू येते. 'कूगा'त रूप बदलले की शरीर पणाला लागत असे. पुढे अनेकदा ते कपडे बदलण्याइतके सोपे झाले. या सवलतीतही जे लेखक किंमत वसूल करतात, त्यांच्याच व्यक्तिरेखा टिकतात.

2017 मध्ये सुरू झालेल्या 'बिल्ड'मध्ये शोगो मुतो यांनी ती किंमत वसूल केली. दोन बाटल्यांतल्या शक्तींची जोडी जमवून रूप घेणारा सेंतो किर्‍यू हा स्मृती गेलेला भौतिकशास्त्रज्ञ. माणसांना राक्षस बनवणाऱ्या 'फाउस्ट' या टोळीचा तो माग काढतो. निघते ते असे, की ते प्रयोग करणारा कुख्यात शास्त्रज्ञ ताकुमी कात्सुरागी म्हणजे तो स्वतःच. त्याचा चेहरा तारो सातो नावाच्या एका गायकाचा आहे आणि त्याला नायक म्हणून उभे करणारा त्याच्या शेजारी वावरणारा शत्रू एव्होल्ट. होंगोचे मन तरी त्याचे स्वतःचे होते. सेंतोकडे चेहरा, भूतकाळ आणि नायकपण यांपैकी स्वतःचे काहीच नाही. तरीही सेंतो म्हणून जगलेल्या काळाच्या बळावर तो निर्णय घेतो. शेवटी जे नवे जग तयार होते, त्यात त्याला ओळखणारा एकटा त्याचा सोबती र्‍यूगा बांजो उरतो.