करोनानंतरचा विसराळूपणा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : ताप उतरला की आजार संपला, पुढचा विसराळूपणा म्हणजे वय किंवा मनाचा कमकुवतपणा.

विदर्भातला करोनाचा पहिला मृत्यू २८ मार्च २०२० रोजी बुलडाण्यात झाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यातली दुसरी लाटही अमरावती विभागातच आधी जाणवली. ऑक्सिजनवरून घरी परतलेल्या माणसाला याच भागातल्या वडनेर भोलजीसारख्या गावात सगळे 'वाचला' म्हणतात. पण पुढे त्याचा उधारीचा हिशेब जुळेना, बोलताना शब्द आठवेना, तर त्यालाच बोल लावला जातो. हा अन्याय आहे. ब्रिटनमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या ३५१ रुग्णांची वर्ष-दीड वर्षाने तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या विचारशक्तीतली घट पन्नाशीतून सत्तरीत जाताना होणाऱ्या घटीएवढी भरली. मेंदूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारी प्रथिनंही त्यांच्यात जास्त आढळली. आळसाने रक्तातली प्रथिनं वाढत नाहीत.

गैरसमज : विषाणू मेंदूत घर करून बसतो, म्हणून आता इलाज नाही.

बहुतेक रुग्णांत नुकसान विषाणूपेक्षा त्याच्याशी लढताना उसळलेल्या दाहामुळे, बारीक रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्यांमुळे आणि ऑक्सिजन कमी पडल्यामुळे होतं, असं आजवरचे पुरावे सुचवतात. म्हणूनच आजार जितका तीव्र, तितका परिणाम मोठा. इंपीरियल कॉलेज लंडनने २०२४ मध्ये १ लाख १२ हजारांहून अधिक लोकांच्या चाचण्यांचे निष्कर्ष मांडले. करोना न झालेल्यांच्या तुलनेत पूर्ण बरे झालेल्यांत बुद्ध्यांकाच्या मापात सुमारे ३ गुणांची, तर अतिदक्षता विभागात राहिलेल्यांत सुमारे ९ गुणांची घट होती. 'हे लसीमुळे झालं' असं म्हणणाऱ्यांनी याच अभ्यासातली आणखी एक नोंद पाहावी : दोन किंवा अधिक डोस घेतलेल्यांची कामगिरी किंचित सरसच होती.

गैरसमज : हे सगळं टेन्शनमुळेच होतं.

या समजात थोडं तथ्य आहे. घरातले मृत्यू, कर्ज, मोडलेली झोप यांचा स्मरणशक्तीवर भार पडतोच, आणि वर सांगितलेल्या ३५१ रुग्णांतही नैराश्य आणि विचारशक्तीतली घट यांचा संबंध दिसला होता. पण मनावर ताण आहे म्हणून शरीराला इजा नाही, असं होत नाही. दोन्ही एकाच माणसात एकत्र असू शकतात. शिवाय ताण मोठा असेल तर त्यावर उपचारही आहेत. विसरायला होत असेल तर बी-१२ची कमतरता, थायरॉईड, साखर, रक्तदाब आणि झोप यांची आधी तपासणी व्हावी, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारता येतात. उदासी असेल तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तीव्र आजारातून उठलेल्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाइतक्याच सहजपणे 'विसरायला होतं का?' असंही विचारलं गेलं पाहिजे, आणि 'हो' म्हणणाऱ्यावर घरच्यांनी विश्वास ठेवला पाहिजे.