नाकाला लावलेला रुमाल

परदेशी पाहुणा आपल्या देशात उतरला की दोन गोष्टींनी हादरतो. एक म्हणजे रस्त्याच्या कडेला जगणारी माणसे आणि दुसरी त्या माणसांच्या पायाशी वाहणारी गटारे. कुणाच्या डोळ्यांत पाणी येते, कुणाला किळस येते, कुणी कॅमेरा काढतो. मायदेशी परतल्यावर तो सांगतो की, भारत सुंदर आहे, पण घाण फार आहे, गरिबी फार आहे आणि नवल असे की तिथली गरीब माणसे तरीही हसत असतात! हे ऐकले की आपल्याकडचा सुशिक्षित वर्ग चवताळतो. देशाची बदनामी झाली म्हणतो. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईने 'मदर इंडिया' लिहिले, तेव्हा गांधीजींनी त्याला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटले होते. मेयोबाईंचा हेतू शुद्ध नव्हता, साम्राज्याची तळी उचलण्यासाठीच त्यांनी लेखणी हाती घेतली होती, हे मान्य. पण वाचकहो, गटार खोटे होते का? आणि त्या गटारात उतरणारा माणूस कोण होता, हे मेयोबाईंवर तुटून पडलेल्या किती पुढाऱ्यांनी विचारले?

पाहुण्याला घाण दिसू नये म्हणून आपले राज्यकर्ते काय करतात ते पाहा. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा झोपडपट्ट्यांपुढे बांबूचे पडदे उभे राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प अहमदाबादला येणार म्हणून विमानतळाच्या वाटेवरील झोपडपट्टीपुढे भिंत बांधली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या बैठकीसाठी पाहुणे मुंबईत आले आणि रस्त्याकडेच्या वस्त्या कापडाने, फलकांनी झाकल्या गेल्या. सरकारे वेगवेगळ्या पक्षांची, पण पडदा तोच! पडद्यामागच्या माणसाला नळ मिळाला नाही, संडास मिळाला नाही. पडदा मात्र एका रात्रीत मिळाला.

लंडनची टेम्स नदी १८५८ च्या उन्हाळ्यात इतकी सडली की काठावरच्या पार्लमेंटात बसणे अशक्य झाले. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या द्रावणात भिजवून पाहिले, तरी दुर्गंधी हटेना. तेव्हा खासदारांनी घाईघाईने कायदा केला, पैसा उभा केला आणि बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरने शहराखाली भुयारी गटारे बांधली. त्याच्या आधी कित्येक वर्षे गरीब लंडनकर कॉलऱ्याने मरत होते, त्याने कायदा हलला नव्हता. वास खासदारांच्या नाकापर्यंत पोचला तेव्हा हलला. आमच्या गावांची रचना करणारे यापेक्षा हुशार निघाले. त्यांनी वस्तीच गावकुसाबाहेर, पाण्याच्या आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसवली. पाणी आधी गावाला, मग आम्हाला. वास मात्र आधी आम्हाला आणि बऱ्याचदा फक्त आम्हालाच. गावाच्या नाकापर्यंत तो कधी पोचलाच नाही, मग कायदा हलणार कसा?

परभणी जिल्ह्यात परदेशी पर्यटक सहसा मुक्काम करीत नाही. वेरूळ-अजिंठा पाहणारा संभाजीनगरहूनच माघारी वळतो. हजूर साहिबच्या दर्शनाला कॅनडा-इंग्लंडहून येणारी शीख कुटुंबे सचखंड एक्सप्रेसने परभणीवरून नांदेडला जातात, तेवढाच आमचा संबंध. त्यांना आमचा जिल्हा डब्याच्या खिडकीतून दिसतो आणि पहाटे खिडकीतून काय दिसायचे हे वेगळे सांगायला नको. रुळाच्या कडेला डबे घेऊन बसलेली माणसे हा परदेशी प्रवासवर्णनांचा आवडता विषय. पण डब्यात बसलेल्यांचा मैला तेव्हा जात कुठे होता? डब्यातल्या संडासाच्या भोकातून तो थेट रुळावरच पडत होता. बाहेरचा माणूस उघड्यावर बसला म्हणून असंस्कृत आणि आतला दार लावून रुळावर सोडतो म्हणून सभ्य! रेल्वेच्या जवळपास सर्व डब्यांना जैव-शौचालये बसायला २०१९-२० साल उजाडले. तोवर फलाटापुढचे रूळ झाडू आणि पाण्याचा पाइप घेऊन कोण धूत होते, त्यांच्या वस्त्या कुठे होत्या आणि त्यांच्या जाती कोणत्या होत्या, हे आपण सारे जाणतो. एकाही प्रवासवर्णनात तो माणूस मला भेटलेला नाही.

परदेशी माणसाला एक वेळ माफ करता येईल, त्याला आपल्या गावाची रचना ठाऊक नसते. देशी पर्यटकाचे काय? थंडी पडली, ज्वारी हुरड्यावर आली की शहरांतून गाड्या भरून मंडळी मराठवाड्यातल्या शेतांवर येतात. हुरडा, गूळ, चुलीवरची भाकरी, ठेचा. खेड्यात किती शुद्ध हवा, म्हणतात! राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरणही आणले. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर आमची तक्रार नाही. पण या पाहुण्याला जे खेडे दाखवले जाते, त्याला पाणंद नसते, वस्ती नसते, स्मशानाचा वाद नसतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगाथेचा जो समाचार घेतला, तो याच दाखवायच्या खेड्याचा होता.

हुरड्याच्या त्याच दिवसांत गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरीकडची हजारो कुटुंबे गावात नसतात. मुकादमाची उचल घेऊन ती दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली असतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', असा या माणसांचा हिशेब! त्यांची कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची नाहीतर ताडपत्रीची, आत वाकून जायचे. संडास नाही, मोरी नाही. बाई पहाटे तीनला अंधारात उठते, ती काम लवकर सुरू होते म्हणून आणि अंधार आहे तोवरच तिला उघड्यावर जाता येते म्हणूनही. याच रस्त्यांवरून महाबळेश्वर-पन्हाळ्याला निघालेल्या मोटारी थांबतात, उसाने लादलेल्या बैलगाडीचा आणि गाडीवर बसलेल्या पोराचा फोटो काढतात. फोटो छानच येतो. ते पोर शाळेत का नाही, हे फोटोत येत नाही.

आणि ६ डिसेंबर! परभणीच्या फलाटावर देवगिरी आणि तपोवन एक्सप्रेसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. भाकरी बांधून, पोरेबाळे घेऊन आमची माणसे चैत्यभूमीला जातात, शिवाजी पार्कच्या मैदानात झोपतात, रांगेत तासन्‌तास उभी राहतात आणि परतताना पिशवीत पुस्तके घेऊन येतात. पुस्तकांसाठी एवढी खेडूत माणसे दुसऱ्या कुठल्या मैदानावर येतात ते कुणी दाखवून द्यावे. पण दादरमधील काही मंडळींनी वर्षानुवर्षे या गर्दीकडे कसे पाहिले? दारे बंद करून, घराला कुलूप लावून, नाकाला रुमाल लावून. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कचऱ्याचा फोटो! गणपती विसर्जनानंतर चौपाटीवर उरलेल्या कचऱ्याला कुणी जात चिकटवत नाही. आमच्या कचऱ्याला चिकटवली जाते.

याच गर्दीकडे एका परदेशी पाहुण्याने कसे पाहिले तेही नोंदवले पाहिजे. व्ही. एस. नायपॉल १९६२ साली पहिल्यांदा भारतात आले. पूर्वज इथलेच, ब्राह्मण, त्रिनिदादला गेलेले. १९६४ च्या त्यांच्या पुस्तकात उघड्यावरच्या हागणदारीचे इतके वर्णन आहे की भारतीय वाचक आजही त्यांना त्याबद्दल क्षमा करीत नाही. पण पाव शतकानंतर ते पुन्हा आले आणि १९९० च्या 'इंडिया : अ मिलियन म्युटिनीज नाऊ' या पुस्तकाची सुरुवातच त्यांनी मुंबईच्या रस्त्यावर दिसलेल्या लांबच लांब रांगेने केली. ती रांग बाबासाहेबांच्या जयंतीची होती. त्यांना त्या रांगेत स्वतःचे मोल कळलेली माणसे दिसली. पुढे ते नामदेव ढसाळांनाही भेटले. नायपॉल यांची सगळी मते आम्हाला मान्य नाहीत, काही तर मुळीच नाहीत. तरीही दादरच्या गॅलरीतून जे दिसले नाही ते त्यांना मोटारीतून दिसले, एवढे म्हणावेच लागेल.

इंग्रजीत घाण पाण्यालाही 'पोल्युशन' म्हणतात आणि विटाळालाही. मराठीत आपण दोन शब्द ठेवले आहेत, एक सरकारी आणि एक घरचा. हे दोन्ही अर्थ एका हौदाच्या काठावर कसे भेटले याची हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि ती आपल्याच मराठवाड्यातली आहे. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांसह, बायामाणसे धरून सुमारे तीस जण, ते वेरूळची लेणी पाहायला निघाले. म्हणजे पर्यटकच! परभणीसारखेच औरंगाबादही तेव्हा निजामाच्या राज्यात होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. रमजानचा महिना. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता, काहींनी त्यात हातपाय, तोंड धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की, अस्पृश्यांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले की, हीच का तुमच्या धर्माची शिकवण? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही हे पाणी घेऊ देणार नाही का? जमाव गप्प झाला. शेवटी आत जायला मिळाले ते आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला बॅरिस्टर, आणि त्याच्या हाताने पाणी घाण होते! ज्या हकिगतींमध्ये ही घटना आहे, त्या त्यांनी मुद्दाम परदेशी वाचकाला अस्पृश्यता कळावी म्हणून लिहिल्या. पुस्तकाचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. परदेशी पर्यटकाला भारतात येताना खिशात कुठले पुस्तक असावे असे कुणी विचारले तर माझे उत्तर हेच आहे.

आता दुसरा हौद. मे २०२३, आपला परभणी जिल्हा, सोनपेठ तालुका, भाऊचा तांडा. शेतातल्या आखाड्यावर शौचालयाचा सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. गरीब मुसलमान, बहुतेक एकमेकांच्या नात्यातले. दौलताबादला पाणी बाटवल्याचा आरोप करणारा मुसलमान होता आणि सोनपेठला दुसऱ्याचा मैला उपसताना मेलेलेही मुसलमान. धर्म बदलला तरी गटाराची उतरंड इतक्या सहज बदलत नाही, हे बाबासाहेबांनी त्या जमावाला विचारलेल्या प्रश्नातच होते.

मैला हाताने उपसायला लावण्यावर आणि संरक्षक साधनांशिवाय माणसाला टँकमध्ये उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. सोनपेठचे मजूर त्याआधी पाच महिने मेले होते.

त्या तांड्याच्या आसपासच्या शेतांतही थंडीत ज्वारी हुरड्यावर येते. पाहुण्यांना यजमान बाजेवर बसवतो, कणसे भाजून देतो. गरिबी पाहून पाहुण्याला वाईट वाटावे, अशी आमची अपेक्षा नाही. त्याने हात धुवायला उठावे आणि यजमानाला एवढेच विचारावे की, तुमच्या संडासाचा टँक भरला की तो कोण उपसतो, यंत्र येते की माणूस उतरतो, आणि माणूस असेल तर तो कुठल्या वस्तीतून येतो.