हुर्राक गावातच का संपतो

चिकलठाण्याहून शहर ओलांडून वाळूजला गेलं, की बियरचे मोठे कारखाने लागतात. पाणी जायकवाडीचं, पण त्या बाटलीत मराठवाड्याची चव आहे असं कुणी म्हणत नाही. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाला मद्यउद्योगाचं पाणी कापायला लावावं लागलं, तेव्हा या मातीशी असलेलं बियरचं नातं दिसलं, आणि ते पाणी उपशाचं होतं. पेय गावचं कशामुळे होतं, हे गोव्याच्या तावेर्नात, म्हणजे गावच्या दारूच्या गुत्त्यात, कळतं. आणि माझ्या मते फेणीपेक्षा हुर्राकमुळे जास्त कळतं.

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. फेणीसाठी बोंडू, म्हणजे काजूचं फळ, तोडत नाहीत, पिकून आपसूक पडलेलाच वेचतात. बी पिरगळून काढली की कोळंबीत, म्हणजे उथळ दगडी हौदात, तो पायांनी तुडवायचा. चोथ्याचा ढीग करून वर दगड ठेवला, की थेंबथेंब गळतो तो नीरो. तुडवलेला रस खमीर न घालता दोन-तीन दिवसांत आंबतो आणि भट्टीवरच्या तांब्याच्या भाणात जातो. पहिल्या धारेचा तो हुर्राक. तोच आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा उकळला की ४२.८ टक्के मद्यार्काची फेणी. फेणी वर्षानुवर्षं टिकते, बाटलीत बसून दूर जाते. हुर्राक टिकत नाही. मार्च ते मे, भट्टीच्या आसपासच, लिंबू, सोडा आणि चिरलेली हिरवी मिरची घालून तो संपतो. डोंगर, हंगाम आणि पिणारी माणसं एका जागी असतील तरच तो आहे.

मतदान करून गावातली बाटली आडवी करणाऱ्या बायकांना हे कौतुक रुचणार नाही, आणि त्यांचं खरंच आहे: दारूने घरं बसतात, गोव्यातही बसली. तावेर्नाचा मालक गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो, वेळेला हात आखडता घेऊ शकतो. तेवढं पुरत नाही. पण म्हणून भट्टीच नको म्हणणं मला पटत नाही. तेरेखोलच्या अलीकडे, सिंधुदुर्गात, हाच बोंडू बहुतेक बागेतच कुजतो आणि शेतकऱ्याच्या हाती फक्त बी लागते.

भट्टीला खरा धोका वेगळा आहे. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोव्याने तिला वारसा पेय ठरवलं. नाव सुरक्षित झालं, वेचणारे हात नाहीत. उतारावर वाकून बोंडू गोळा करायचे, जाळ सांभाळायचा, आणि धार बाटलीत हलवून बुडबुड्यांवरून कडकपणा ओळखायचा. तुडवायला यंत्र आलं, ते येऊ दे. बुडबुडे वाचणारी नजर मात्र जाळाशेजारी बसूनच तयार होते. पहिल्या पावसात बोंडू सडतो, भट्टी विझते. भाण घासून उलटं ठेवणाऱ्याला पुढचे आठ-नऊ महिने दुसरं काम शोधावं लागतं, आणि ते काम कायमचं मिळालं तर फेब्रुवारीत तो परत येईलच असं नाही.