बर्लिनहून वार्तापत्र : बुलढाण्याची हालचाल कोणी मोजली?

जर्मनीविषयी मराठी वाचकांच्या मनात एक समज पक्का बसलेला असतो. करोनाकाळात या देशाने प्रत्येकाच्या मोबाईलवर नजर ठेवून माणसे घरात बसवली, आणि उलटपक्षी बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात कोण कुठे गेले, किती गेले, याची नोंद कोणी ठेवलीच नाही, असा तो समज आहे. त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. जर्मनीने माणूस मोजला नाही, प्रवास मोजला. आणि बुलढाणा जिल्ह्याचीही दररोज मोजदाद होत होती, फक्त ती करणारा हात परका होता आणि तो आकडा जिल्ह्याच्या बोलण्यात कधी आला नाही.

दोन्ही ठिकाणच्या निर्बंधांची सुरुवात योगायोगाने एकाच दिवसाशी जोडलेली आहे. 22 मार्च 2020 रोजी भारतात जनता कर्फ्यू पाळला गेला आणि त्याच दिवशी जर्मनीतील केंद्र व राज्यांनी संपर्कबंदीचा निर्णय घेतला. मात्र दोन्हींच्या स्वरूपात मोठे अंतर होते. जर्मनीत घराबाहेर पडण्यास सरसकट बंदी नव्हती, घरच्या माणसांबरोबर किंवा बाहेरच्या एका व्यक्तीबरोबर फिरायला जाता येत असे, आणि त्या वसंतात उद्याने ओस पडण्याऐवजी माणसांनी फुलली. भारतात 25 मार्चपासून लागू झालेल्या टाळेबंदीत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायलाही कारण द्यावे लागत होते. तेव्हा जर्मन शिस्त नावाची जी गोष्ट गावाकडे कौतुकाने सांगितली जाते, तिच्यात सवलतीचा वाटा बराच मोठा होता, हे आधी लक्षात घेतले पाहिजे.

इथले मोजमाप पुढीलप्रमाणे चाले. मोबाईल फोन सतत जवळच्या मनोऱ्याशी संपर्कात असतो; तो एका मनोऱ्याच्या टापूतून दुसऱ्याच्या टापूत गेला आणि तिथे काही काळ स्थिरावला, की एक प्रवास घडला असे धरतात. दूरसंचार कंपन्यांनी हे प्रवास स्वतःकडेच एकत्र करून, नावे व क्रमांक काढून, फक्त जिल्ह्याजिल्ह्यांतील बेरजा रॉबर्ट कॉख संस्थेला, म्हणजे जर्मनीच्या केंद्रीय साथरोग संस्थेला, आणि बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील डिर्क ब्रॉकमान यांच्या गटाला पुरवल्या. मार्च 2020 च्या अखेरीस प्रवासांची संख्या आदल्या वर्षीच्या मार्चच्या तुलनेत सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचे या गटाला आढळले. लांबच्या प्रवासांतली घट जवळच्या प्रवासांपेक्षा अधिक होती. पुढे निर्बंध सैल होण्याआधीच आकडा हळूहळू चढू लागला होता, म्हणजे जर्मन माणूसही घरात कंटाळतोच.

फोनवर नजर ठेवण्याचा प्रस्ताव या देशात आलाच नव्हता असेही नाही. रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांचा माग त्यांच्या फोनवरून काढण्याचा अधिकार आरोग्य यंत्रणेला मिळावा, अशी तरतूद तत्कालीन आरोग्यमंत्री येन्स श्पान यांनी मार्च 2020 मध्येच कायद्याच्या मसुद्यात घातली होती, पण विरोध इतका झाला की ती काही दिवसांतच काढून टाकावी लागली. या विरोधाची मुळे जुनी आहेत. पूर्व जर्मनीच्या राजवटीत गुप्त पोलिसांनी ठेवलेल्या नोंदींची आठवण इथे अजून पुसलेली नाही; शिवाय पश्चिम जर्मनीत 1983 च्या जनगणनेला नागरिकांनी विरोध केला, प्रकरण घटना न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी 15 डिसेंबरला न्यायालयाने स्वतःविषयीची माहिती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीचा असल्याचा निकाल दिला. भारतात खासगीपणाच्या हक्कावर सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी खटल्यातील निकाल 24 ऑगस्ट 2017 रोजी आला, म्हणजे साथ आली तेव्हा तो निकाल पुरता तीन वर्षांचाही नव्हता आणि त्याच्या आधारावर उभा राहायचा कायदा 2023 मध्ये झाला. जर्मन समाजाला या विषयावर भांडून घ्यायला सदतीस वर्षे मिळाली होती, आणि हा फरक दोन्हीकडच्या, रुग्णाच्या संपर्कातील माणसे शोधणाऱ्या ॲपमध्ये उमटला. जर्मनीचे ॲप जून 2020 मध्ये, बराच वाद होऊन, उशिरा आले. ते वापरणाऱ्याचे ठिकाण नोंदवत नव्हते. भारताचे आरोग्य सेतू 2 एप्रिल 2020 रोजीच आले, ते ब्लूटूथबरोबर ठिकाणाचीही नोंद घेत होते, आणि 1 मे च्या केंद्रीय आदेशाने ते कर्मचाऱ्यांना सक्तीचेही झाले. ती सक्ती पुढे सैल करण्यात आली. गतीचे श्रेय दिल्लीला द्यायलाच हवे. पण माहिती द्यायची की नाही हे विचारलेच न जाणे ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही जर्मनीचा आदर्श म्हणून जयजयकार करण्याचे कारण नाही. हॉटेलात पाहुण्यांची नोंद ठेवण्यासाठी वापरल्या गेलेल्या लुका या ॲपमधील माहिती माइन्झ शहराच्या पोलिसांनी कायद्यात परवानगी नसताना एका मृत्यूच्या तपासासाठी मिळवल्याचे जानेवारी 2022 मध्ये उघड झाले. जानेवारी 2021 मध्ये ज्या जिल्ह्यांत सात दिवसांतील नवे रुग्ण लाखामागे 200 च्या वर गेले, तिथल्या रहिवाशांनी 15 किलोमीटरच्या परिघाबाहेर जाऊ नये असे ठरले, पण हा परीघ कोणी आणि कसा तपासायचा याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. महाराष्ट्रातील जिल्हाबंदीत निदान नाक्यावर पोलीस उभा असे.

आता बुलढाण्याच्या मोजदादीकडे वळले पाहिजे. गूगल कंपनीने एप्रिल 2020 च्या सुरुवातीला देशोदेशीच्या हालचालींचे अहवाल प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. भारताचे आकडे पुढे जिल्हानिहाय मिळू लागले, त्यांत बुलढाणाही होता, आणि 15 फेब्रुवारी 2020 पासून 15 ऑक्टोबर 2022 पर्यंतची ही नोंद कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येत होती. किरकोळ दुकाने व करमणूक, किराणा व औषधे, उद्याने, वाहतुकीचे थांबे, कामाची ठिकाणे आणि राहती घरे असे तिचे सहा गट आहेत, आणि प्रत्येक आकडा नेहमीच्या दिवसाच्या मानाने किती टक्के वाढ वा घट झाली ते सांगतो.

खरा प्रश्न या नेहमीच्या दिवसाचा आहे. 3 जानेवारी ते 6 फेब्रुवारी 2020 हे पाच आठवडे गूगलने आधार म्हणून घेतले आणि प्रत्येक वारासाठी त्या पाच आठवड्यांतील मध्यक धरला. मध्यक म्हणजे पाच आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. वारानुसार आधार धरणे आठवडी बाजाराच्या मुलखाला सोयीचे आहे, कारण बाजाराच्या दिवसाची तुलना बाजाराच्याच दिवसाशी होते. पण त्या पाच आठवड्यांत 12 जानेवारीचा रविवार येतो, जिजाऊंच्या जन्मोत्सवाचा, ज्या दिवशी सिंदखेडराजात महाराष्ट्रभरातून माणसे लोटतात; मध्यकाच्या नियमाने ती गर्दी बाजूला पडते आणि सिंदखेडराजाचा सर्वांत भरलेला दिवस हिशेबातून नाहीसा होतो. ऋतूचे तर त्याहून अवघड आहे. जानेवारीत वेचणीचा कापूस आणि तूर बाजाराकडे निघालेली असते, रस्ते वाहते असतात, आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावात नसतात. मे महिन्यात ऊन तापते, दुपारी चिडीचूप असते. जूनमध्ये पाऊस पडला की सगळे गाव पेरणीला शेतात असते, आणि शेत हे ठिकाण त्या सहा गटांत कुठेच नाही. मे मधील घट विषाणूमुळे की उन्हामुळे, हे जानेवारीच्या आधारावरून सांगता येत नाही.

जर्मन गटाने मात्र आधार म्हणून आदल्या वर्षीचा तोच महिना घेतला होता. तीच पद्धत बुलढाण्याला लावली असती, तर शेगावहून पंढरपूरकडे निघणारी गजानन महाराजांची पायी पालखी 2020 मध्ये निघाली नाही, ही जिल्ह्याच्या वर्षक्रमातली केवढी तरी पोकळी आकड्यांत दिसली असती. जानेवारीशी तुलना करणाऱ्या तक्त्यात न निघालेली वारी दिसूच शकत नाही. याच्या उलट फसगतही संभवते. 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला, स्थानके रिकामी होती, आणि वाहतुकीच्या थांब्यांच्या स्तंभात त्या काळात दिसणारी घट साथीच्या भीतीची मानणारा अभ्यासक मेहकरच्या किंवा चिखलीच्या कोणत्याही प्रवाशाला एक प्रश्न विचारून सावध झाला असता.

शिवाय सबंध जिल्ह्याला एकच आकडा आहे. घाटाखालचे मलकापूर, नांदुरा, शेगाव मुंबई–हावडा लोहमार्गावर आहेत आणि सुरतेहून कोलकात्याकडे जाणारा महामार्गही मलकापूर–खामगावमार्गे जातो. घाटावरच्या बुलढाणा शहराला आजही रेल्वे स्थानक नाही. घाटावरचा आणि घाटाखालचा प्रवास एका सरासरीत मिसळला की दोन्हींचे खरे चित्र हरवते. साथीच्या वर्षी जर्मनीत सुमारे 8 कोटी 30 लाख लोकसंख्येसाठी 401 जिल्हे होते, म्हणजे सरासरी एका जिल्ह्यात दोन लाखांहून थोडी अधिक माणसे. बुलढाण्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 25 लाख 86 हजार आणि तालुके 13, म्हणजे तालुक्यामागे सुमारे दोन लाख. आकाराने जर्मन जिल्ह्याशी बरोबरी करतो तो बुलढाण्याचा तालुका. मोजायला हवा होता तोही तालुकाच. आणि 2011 चाच आकडा अजून वापरावा लागतो याचेही दुःख आहे, कारण जर्मनीने साथीमुळे आपली जनगणना एका वर्षाने पुढे ढकलून 2022 मध्ये पूर्ण केली, तर भारतात 2021 ची जनगणना 2027 वर गेली आहे.

सर्वांत मोठी उणीव मात्र फोनवरच्या माहितीतच आहे. गूगलचा आकडा स्मार्टफोन असलेल्या आणि त्यावर ठिकाणाची नोंद स्वतः चालू ठेवलेल्या लोकांपुरता असतो. बटणांचा साधा फोन वापरणारा शेतमजूर त्यात येत नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयोगटातील 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याजोगा मोबाईल होता. एप्रिल आणि मे 2020 मध्ये महामार्गांवरून डोक्यावर बोचके, कडेवर मूल घेऊन हजारो मजूर पूर्वेकडे चालत होते, त्यांच्यापैकी किती जण गूगलच्या तक्त्यात आले असतील? शेजारच्या जालन्याहून भुसावळकडे लोहमार्गाने चालत निघालेल्या मजुरांपैकी 16 जण 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले, आणि टाळेबंदीत मृत्युमुखी पडलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी उपलब्ध नसल्याचे केंद्र सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेत सांगितले. जिथे मोजणे सर्वांत आवश्यक होते तिथे मोजले गेले नाही, हे जर्मनीतील एखाद्या सहकाऱ्याला समजावून सांगताना मराठी माणसाची मान खाली जाते.

साधने नव्हती अशी सबब इथे चालणार नाही. एसटीच्या वाहकाकडील तिकीट यंत्रात कोणत्या थांब्यावरून कोणत्या थांब्यापर्यंत किती तिकिटे गेली याची नोंद होते, आणि तिकीट काढायला प्रवाशाला फोन लागत नाही. रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून राज्याराज्यांतील स्थलांतराचा अंदाज बांधण्याचे काम 2016–17 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने करून दाखवले होते, आणि वर्षाकाठी सुमारे 90 लाख हा आकडा त्यातूनच आला. टाळेबंदीत प्रवासाच्या परवानगीसाठी लागणाऱ्या ई-पासच्या अर्जात तर निघण्याचे ठिकाण, पोचण्याचे ठिकाण, तारीख आणि कारण प्रवाशाने स्वतःच लिहून दिलेले असे. बर्लिनमधील संशोधकांना मनोऱ्यांच्या संकेतांवरून जे ताडावे लागले, ते महाराष्ट्रातील कार्यालयांत सरळ लिहिलेले होते. नावे काढून तालुकानिहाय बेरजा करणे एवढेच काम उरले होते, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये बुलढाणा ज्यात येतो त्या अमरावती विभागात रुग्ण वाढू लागले तेव्हा त्या बेरजांचा उपयोग झाला असता.

खामगाव, चिखली, बुलढाणा येथील महाविद्यालयांतील भूगोल, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्राच्या विभागांनी हे काम अजूनही हाती घ्यावे. गूगलच्या तक्त्यातील बुलढाण्याच्या ओळी उतरवून घ्याव्यात. त्यांच्या शेजारी पेरणी, वेचणी, आठवडी बाजार, यात्रा आणि संपाच्या तारखा मांडाव्यात. आणि 2019 ते 2022 या चार वर्षांतील तिकिटांच्या तालुकानिहाय बेरजा एसटीच्या विभागीय कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात मागाव्यात. मागणीत एकाही प्रवाशाचे नाव असू नये. अर्जाला दहा रुपये शुल्क आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे.