श्रद्धावंतांनी मागितलेली भिंत

धर्म आणि राज्य यांची फारकत ही नास्तिकांची मागणी आहे, असा समज रूढ आहे. अमेरिकेचा घटनात्मक इतिहास या समजाला छेद देतो. तेथे या मागणीसाठी झगडणाऱ्यांत बॅप्टिस्ट पंथाचे श्रद्धाळू लोक आघाडीवर होते. व्हर्जिनियात अँग्लिकन चर्चला राजाश्रय होता. परवान्यावाचून प्रवचन केल्याबद्दल स्वातंत्र्यपूर्व काळात अनेक बॅप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगवास घडला होता.

स्वातंत्र्यानंतर पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांसाठी कर बसविणाऱ्या विधेयकाचा पुरस्कार केला. आपला पैसा कोणत्या पंथास जावा, हे ठरविण्याची मुभा करदात्यास होती. त्यामुळे विधेयक वरकरणी निरुपद्रवी भासे. जेम्स मॅडिसन यांनी १७८५ मध्ये त्याविरुद्ध निवेदन लिहिले. धर्मासाठी तीन पेन्स सक्तीने घेणारी सत्ता उद्या कोणत्याही पंथापुढे मान तुकविण्याचीही सक्ती करू शकेल, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. विधेयक बारगळले आणि १७८६ मध्ये जेफर्सन यांनी रचलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा संमत झाला. पुढे १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने काँग्रेसला धर्माची स्थापना करणारा किंवा धर्माचरणास मज्जाव करणारा कायदा करण्यास मनाई केली.

‘भिंत’ हा शब्द मात्र घटनेत नाही. तो जेफर्सन यांनी १८०२ मध्ये कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात आला. ही दुरुस्ती तेव्हा केंद्रापुरतीच होती. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चचा राजाश्रय १८३३ पर्यंत टिकला. सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन घटक राज्यांना लागू केले ते १९४७ मध्ये. गंमत अशी की, भिंत उंच व अभेद्य असावी असे सांगणाऱ्या त्याच निकालाने, पाच विरुद्ध चार मतांनी, कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांच्या बसभाड्याची भरपाई वैध ठरविली.

खरी कसोटी शाळेतच लागली. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने रचलेली प्रार्थना कोणत्याही एका पंथाची नव्हती आणि ती म्हणणे ऐच्छिक होते. तरीही १९६२ मध्ये न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. प्रार्थना रचणे हे सरकारचे कामच नव्हे, असा निर्वाळा त्याने दिला.

अलीकडे वारे फिरले आहे. २०२२ मध्ये मेन राज्याच्या शिक्षणशुल्क योजनेतून धार्मिक शाळांना वगळणे न्यायालयाने अवैध ठरविले. त्याच वर्षी सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या सरकारी शाळेतील फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. धार्मिकांना वगळणे हाही पक्षपातच, हा या निकालांमागील विचार सहजी झटकून टाकता येणार नाही. परंतु संघात निवड ज्याच्या हाती आहे, त्याच्याभोवती खेळाडू गुडघे टेकतात तेव्हा अलिप्त राहू पाहणाऱ्या मुलाचे स्वातंत्र्य कितपत उरते? कागदावरील ऐच्छिकता अशा मुलाला पुरेशी नसते. तुरुंग भोगलेल्या उपदेशकांनी भिंत मागितली, ती अशाच एकट्या माणसासाठी.