नागझिऱ्याच्या परिसरातील भाड्याची घरे : अल्प खर्चातील दुरुस्ती

गोंदिया व भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेले नागझिऱ्याचे वन १९७० साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा व कोका ही अभयारण्ये मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६५६ चौरस किलोमीटर आहे. वाघ, बिबट, अस्वल, रानगवा व रानकुत्री पाहण्यासाठी येणारे पर्यटक चोरखमारा, पिटेझरी यांसारख्या प्रवेशद्वारांतून वनात जातात. धानाची शेती, मोहफुले व तेंदूपाने यांवर गुजराण करणाऱ्या येथील कुटुंबांना राहत्या घरातील एखादी रिकामी खोली हेही उत्पन्नाचे साधन होऊ शकते. मात्र ती खोली राहण्यायोग्य कशी करावी आणि त्यासाठी किती खर्च करावा, याचा विचार आधी होणे आवश्यक आहे.

भाडेकरू कोण?

अशा गावांत दोन प्रकारचे भाडेकरू संभवतात. पहिला प्रकार एक-दोन रात्री मुक्काम करणाऱ्या पर्यटकांचा. दुसरा शिक्षक, आरोग्यसेविका, ग्रामसेवक, वनरक्षक अशा कर्मचाऱ्यांचा. कर्मचाऱ्याने कामाच्या गावी राहावे, ही अपेक्षा अनेकदा केवळ योग्य घर न मिळाल्यामुळे अपुरी राहते. पावसाळ्यात वनपर्यटन बंद असते आणि वनात सोडावयाच्या वाहनांची संख्याही मर्यादित असते. त्यामुळे केवळ पर्यटकांच्या भरवशावर मोठे कर्ज काढणे धोक्याचे ठरते. मासिक भाडे कमी असले तरी ते बारा महिने मिळते. दोन्ही प्रकारच्या भाडेकरूंना चालेल अशी दुरुस्ती करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

प्रथम छप्पर

दुरुस्तीचा आरंभ रंगरंगोटीपासून न करता छपरापासून करावा. छप्पर गळत असल्यास भिंतींवरील सर्व खर्च पहिल्याच पावसात वाया जातो. वानरांच्या उड्यांनी कवेले फुटतात, म्हणून अनेकजण टिनाचे पत्रे घालतात. परंतु विदर्भात उन्हाळ्याचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि पत्र्याखालील खोली दुपारी राहण्याजोगी उरत नाही. कुजलेले वासे व रीपा बदलून, फुटकी कवेले काढून, पावसाळ्यापूर्वी नीट शाकारणी केल्यास जुने छप्पर पुष्कळ काळ टिकते. पत्रे आधीच घातलेले असतील, तर त्यांच्याखाली बांबूच्या ताट्यांचे छत बांधावे व मधली हवा बाहेर जाण्यास वाट ठेवावी.

भिंती व जमीन

मातीच्या जाड भिंती उष्णता सावकाश आत येऊ देतात. त्या पाडून विटांच्या बांधण्याचे कारण नाही. भेगा भरण्यासाठी मातीत धानाची तणस व शेण मिसळून ते मिश्रण काही दिवस भिजत ठेवावे. तणसामुळे गिलाव्यास तडे कमी जातात. त्यावर चुन्याची सफेदी केल्यास खोली उजळ दिसते व बाहेरची भिंत कमी तापते. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचू नये, यासाठी छपराची वळचण पुरेशी पुढे काढावी आणि घराभोवती उताराची नाली ठेवावी. लाकडाला उधळी लागली आहे काय, हे दरवर्षी तपासावे.

शौचालय व पाणी

शहरातून आलेला पाहुणा असो वा बदलून आलेली शिक्षिका, घर पाहताना प्रथम चौकशी होते ती शौचालयाची. हातात असलेल्या रकमेतील मोठा वाटा येथे घालणे योग्य होय. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय ग्रामीण भागास सोयीचे आहे. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवितात. बंद ठेवलेल्या खड्ड्यातील मैल्याचे सुमारे दीड ते दोन वर्षांत निर्गंध खत होते. तीव्र उताराच्या ग्रामीण भांड्यास दीड ते दोन लिटर पाणी पुरते, ही उन्हाळ्यातील टंचाईत मोठीच सोय आहे. खड्डे विहिरीपासून किमान दहा मीटर दूर असावेत. न्हाणीचे सांडपाणी या खड्ड्यांत न सोडता परसबागेकडे न्यावे.

प्रकाश व वन्यप्राणी

खोलीस समोरासमोर खिडक्या, त्यांना जाळी, एक पंखा, एक दिवा, आतून लागणारी मजबूत कडी आणि स्वच्छ अंथरूण एवढे असल्यास भाडेकरूची मूलभूत गरज भागते. खरकटे उघड्यावर टाकू नये. त्यामुळे कुत्री व डुकरे घराजवळ येतात आणि त्यांच्या मागावर बिबट येण्याची भीती असते. शौचालयाकडे जाणारी वाट मोकळी व उजेडाची असावी, परंतु प्रखर दिवे वनाच्या दिशेने लावू नयेत.

खर्चाचा मेळ

उदाहरणादाखल, एका खोलीच्या दुरुस्तीस ६०,००० रुपये लागले व मासिक भाडे २,००० रुपये मिळाले, असे धरल्यास ३० महिन्यांत रक्कम वसूल होते. त्याच खोलीवर स्लॅब घालून २,४०,००० रुपये खर्च केले आणि भाडे ३,००० रुपये मिळाले, तर वसुलीस ८० महिने लागतात. त्यावर कर्जाचे व्याज निराळेच. खर्च चौपट झाला तरी भाडे चौपट होत नाही, हे घरमालकाने ध्यानी ठेवावे. पर्यटकांस खोली देताना धुलाई, वीज व भोजनाचा खर्च वजा करूनच नफा मोजावा.

करार व नोंदी

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ मध्ये भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा, अशी तरतूद असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास द्यावी. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. पर्यटकांसाठी राज्याची ‘न्याहारी व निवास’ योजना आहे. नवीन बांधकाम करावयाचे झाल्यास ग्रामपंचायत व वन विभाग यांच्याकडे आधी चौकशी करावी.

व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना राबविण्यात आली असून, तिच्यासाठी गावोगावी ग्राम परिस्थितीकीय विकास समित्या आहेत. अशी समिती व ग्रामपंचायत यांनी मिळून गावातील रिकाम्या खोल्यांची यादी केली, शाकारणीचे व गिलाव्याचे काम जाणणाऱ्या स्थानिक कारागिरांना त्या कामाशी जोडून दिले आणि नव्याने रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्यास ती यादी दाखविली, तर शाळेला गावात राहणारा शिक्षक मिळेल व दुरुस्तीवर खर्च झालेला पैसाही गावातच राहील.